तिवड्याला बांधलेली गाडी

“आबा, खरं सांगा, तुमाला दिसतं का न्हाई?”

हे विचारून दाखवच, असं मैत्रिणींनी विजयमालाला बजावलं होतं. कारणही तसंच होतं. परवा कोरेगावच्या बाजारात आबांनी पांढऱ्या पोलक्यातल्या तिच्या मैत्रिणीला, शालूला, “रामराम मास्तर” घातला होता. तेव्हापासून शालू सगळ्या वर्गाला रामराम घालत फिरत होती.

आबा, म्हणजे तिचे वडील आकाराम फौजी, खळ्यात मांडी घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“शालीचं चालणंच मास्तरावाणी हाय. गाडी धर.”

गाडी वीतभर लांबीची, पत्र्याची. खेळण्यातली, पण इंजिन खरं. पलटणीतून निघताना साहेबानं दिलेली. तिच्यातली तापून लाल होणारी तार कधीच जळाली होती आणि तिला लागणारं स्पिरिट इकडं कुठं मिळत नव्हतं. म्हणून आबांनी लोखंड कातायच्या आपल्या लेथवर इंजिनाला नवं डोकं करून बसवलं होतं. त्यात इवलासा दट्ट्या आणि तो वरून दाबायला एक स्क्रू. स्क्रू पिळला की आतली हवा आवळली जाणार आणि तेल नुसत्या दाबानं पेटणार, विहिरीवरच्या डिझेल इंजिनासारखं. दट्ट्या बसतो का ते आबांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सगळं बोटांनी चाचपून केलं होतं. ते विजयमालानं पाहिलं होतं.

“मिरजेला डोळं दाखवून तर येऊ,” विजयमाला म्हणाली.

“माझ्या थोरल्या भावानं डोळा कापून घेतला. हुता तेवढा उजेडबी गेला. त्यो इषय बंद.”

विजयमालाची आई राहीबाई सूप घेऊन आली. आबांच्या पुढ्यातली बाटली तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं. बाटलीत कंपाउंडरकडून आणलेलं भूल द्यायचं ईथर होतं, घरातलं रॉकेल होतं आणि एरंडेल होतं.

“एरंडेलावर पळतंय व्हय. मग ही पोरगी तान्ही असतानाच साताऱ्याला पोचायला पाहिजे हुती.”

“बिडीसुदिक लांब ठेवा,” आबा म्हणाले. “ईथर हाय. भडकंल.”

मळणीचे बैल ज्याला बांधून फिरवतात त्या मधल्या तिवड्याला आबांनी गाडीची दोरी बांधली. विजयमालानं गाडी दोन्ही हातांत अधांतरी धरली. आबांनी भोवऱ्यासारखी सुतळी गुंडाळून चाकाला हिसका दिला. फुस्स. स्क्रू जरा पिळला. पुन्हा हिसका. फुस्स.

बांधावरून शेजारच्या रानातला धुळा बघत होता. थंडीत त्याच्या विहिरीवरचं इंजिन असंच रुसायचं. मग तो रॉकेलचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचा, की इंजिन चालू. आताही त्यानं कुणाला न विचारता बोळा पेटवला आणि काडीला अडकवून घेऊन आला. उन्हात जाळ नीट दिसतही नव्हता. तो सरळ आबांच्या समोरून आला. आबांचं तोंड त्याच्याकडंच होतं. आबा स्क्रू चाचपत राहिले.

विजयमालाचे हात गुंतलेले. तिनं पायानंच धुळाचा हात उडवला आणि गाडी घेऊन मागं झाली. बोळा लांब मातीत पडला.

“आगं, लाथ मारतीस व्हय मला?”

“ईथर हाय, धुळाकाका. चुकलं.” ती वाकून त्याच्या पाया पडली, गाडी हातातच.

“काय झालं?” आबांनी विचारलं.

धुळानं एकदा बोळ्याकडं पाहिलं, एकदा आबांच्या डोळ्यांकडं, आणि पायानं माती ओढून जाळ विझवला.

“काय न्हाई, फौजी. पोरगी पाया पडली. मार हिसका.”

आबांनी पुन्हा सुतळी ओढली. या वेळी इंजिन खोकलं. आबांनी स्क्रूवर दोन बोटं ठेवली, कान तिरका केला आणि केसभर पीळ दिला. खोकल्याचा एक लांब सूर झाला. विजयमालानं गाडी खाली सोडली.

गाडी तिवड्याभोवती पळाली. बैलांना एक फेरी घालायला लागतो तेवढ्या वेळात हिच्या किती झाल्या कुणास ठाऊक. धुळा तोंड उघडं टाकून बघत राहिला. आबा आवाजामागं मान फिरवत होते आणि हसत होते. त्यांना असं हसताना विजयमालानं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

तेल संपलं. आवाज थांबला. गाडी मात्र थांबली नाही. ती गुपचूप घरंगळत खळ्याच्या पलीकडच्या कडेला, राहीबाईच्या पायाशी गेली आणि उभी राहिली.

आबांनी आवाज जिथं बंद पडला तिथं बोट दाखवलं. तिथं नुसती माती होती.

“बघ. हितं थांबली. आता इचार शालीला, मला दिसतं का न्हाई.”

राहीबाईनं सूप खाली ठेवलं. गरम गाडी पदरात धरून उचलली, पाय न वाजवता आली आणि आबांचं बोट होतं तिथं ठेवली. किती सराईतपणे. जणू हे काम ती रोजच करत होती. मग तिनं लेकीकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. सांगू नको.

विजयमाला दोघांच्या मधे जाऊन बसली. आबांचा तेलकट हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

“आबा, गाडी पलीकडं थांबली हुती. आईनं हितं आणून ठेवली.” हात मांडीवर दचकला. तिनं तो सोडला नाही. “सोमवारी आपण मिरजेला जायाचं. मी संगं येणार, भ्या वाटलं तर माझा हात धरा. तुमची पट्टी सुटंस्तवर लेथवर मी बसणार. शाळंत मी सांगीन काय सांगायचं ते. आन पट्टी सुटली की ही गाडी परत हितंच पळवायची. तवा तुमी बोट दाखवायचं, आन आई, तू गाडीला हात लावायचा न्हाईस.”