अर्धा कप

"अगं, फिरव ना स्टेअरिंग!" ट्रकखाली उताणे पडलेले एकनाथराव ओरडले.

"फिरवतेच आहे की मघापासून!" वरून इंदुताईंचा आवाज आला. "बांगड्या वाजतायत माझ्या, ऐकू येत नाही का?"

बांगड्या वाजत होत्या खऱ्या. पण चाकांना वळवणारा तो लोखंडी दांडा एकनाथरावांच्या नाकासमोर होता आणि जागचा हलत नव्हता. वर स्टेअरिंग चांगलं चार बोटं इकडून तिकडे जात होतं, खाली सगळं शांत.

ऑटोनगरात मोईन मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ते आले होते ते या ट्रकला निरोप द्यायला. संध्याकाळी जहीराबादचे हिम्मतराव येऊन तो विकत नेणार होते. त्यांची एकच अट होती, जुनी गाडी आहे, तेवढं स्टेअरिंगचं काम करून द्या. बावीस वर्षं निजामाबादची हळद याच ट्रकने बेगम बाजारात आणली, आणि बावीस वर्षांत एकनाथरावांशिवाय कुणी तो चालवला नव्हता. लेकीची पाठवणी करावी तशा इंदुताई गौलीगुड्याहून हळदकुंकू, नारळ आणि चहाचा थर्मास घेऊन सोबत आल्या होत्या.

"कंटाळा आला आता गाडीचा," असं एकनाथरावांनी घरी सांगितलं होतं. साफ खोटं! या माणसाला स्टेअरिंग धरल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. खरी गोष्ट अशी, की वर्षभर गाडी त्यांच्या हातात राहत नव्हती. सरळ रस्त्यावर डावीकडे जायची, सावरायला जावं तर उजवीकडे. निजामाबादच्या रस्त्यावर तूप्रानजवळ एक स्कूटरवाला वीतभर अंतराने वाचला, तेव्हा ट्रक कडेला लावून एकनाथराव लहान पोरासारखे रडले होते. गाडीवर त्यांनी संशय घेतलाच नाही. स्टेअरिंग तर मागच्याच वर्षी हायवेवरच्या एका मिस्त्रीकडून आवळून घेतलं होतं. मग उरलं काय? आपलेच हात.

वडिलांचं असंच झालं होतं ना! साठीत श्रीपतरावांचे हात थरथरू लागले, चहा बशीत सांडू लागला. मग आईने कुणाला काही न बोलता त्यांना अर्धाच कप चहा द्यायला सुरुवात केली. एकनाथराव आता अठ्ठावन्नचे. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी इंदुताईंनी त्यांच्यापुढे कप ठेवला, तो अर्धा होता. दुसऱ्या दिवशीही अर्धाच. म्हणजे हात गेले, हे हिलाही दिसलं तर! बायकोच्या नजरेतून काही सुटतं का कधी? त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. त्याच आठवड्यात गाडी विकायची आहे म्हणून बाजारात सांगून टाकलं.

मोईनने स्टेअरिंगचा बॉक्स उतरवला, फळीवर ठेवून खोलला. आतले दाते झिजून गुळगुळीत झाले होते, बेअरिंगचा चुरा तेलाच्या तळाशी बसला होता. वरून कितीही आवळा, झिजलेले दाते काय पुन्हा उगवणार होते?

एकनाथरावांनी मागे वळून पाहिलं. इंदुताई केबिनमध्येच बसून समोरची काच पुसत होत्या. ते हळूच म्हणाले, "मोईन, सच बोल. मेरे हाथां में तो कुछ खराबी नै?"

मोईन हसायलाच लागला. "हौले-पागल हो गए क्या मामा? ऐसे बॉक्स पे जवान ड्रायवर दो दिन नै चलाता, तुम साल भर चलाए! हाथां खराब रैते तो गाडी कब की नाले में रैती."

एकनाथरावांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. वर्षभर उठताबसता ज्यांना शिव्या घातल्या, त्याच बिचाऱ्यांनी गाडी रस्त्यावर ठेवली होती. डोळे भरून आले. ते त्यांनी घाईने बाहीला पुसले आणि गालाला काळं तेल लागलं.

दुपारी नवे दाते, नवी बेअरिंगं घालून बॉक्स चढला. पहिल्या वळणावर एकनाथरावांनी सवयीने स्टेअरिंग खसकन फिरवलं आणि ट्रक फूटपाथवरच चढायला निघाला. "कम घुमाव मामा, कम!" शेजारी बसलेला मोईन किंचाळला. दुसऱ्या वळणाला हातांना समजलं. पुढे सरळ रस्ता लागला आणि गाडी आखल्यासारखी सरळ चालली. छातीवरचा धोंडा उतरला हो! एकनाथराव मोठ्याने गाणं म्हणू लागले.

परत येताच त्यांनी हिम्मतरावांना फोन लावला. "राग मानू नका, पण गाडी देत नाही. अजून चालवायचीय मला." निरोपाचा नारळ इंदुताईंनी नव्या बॉक्सच्या नावाने फोडला. नवऱ्याच्या अंगात एकाएकी काय शिरलं, त्यांना काही कळेना. पण गाडी घरातच राहतेय म्हटल्यावर त्याही खुशीत होत्या.

मग थर्मास उघडला. मोईनला पूर्ण कप, स्वतःला पूर्ण कप, आणि एकनाथरावांना अर्धा.

"आता काठोकाठ भर की," एकनाथराव ऐटीत म्हणाले. "हात शाबूत आहेत माझे. मोईनला विचार हवं तर."

"हातांचं काय मध्येच?" इंदुताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "शुगर वाढलीय तुमची! दोन महिन्यांपूर्वी तुमचं रक्त तपासलं, तो रिपोर्ट आणला तेव्हाच आपली पल्लवी म्हणाली, बाबांना सांगू नकोस, सांगितलंस तर टपरीवर जाऊन पितील. गुपचूप चहा निम्मा कर."

एकनाथरावांना असं काही हसू फुटलं, की हात गदगदा हलले आणि तो अर्धा कप चहाही शर्टावर सांडला.