दोन डाव्या बाह्या

कात्री टेबलावर खणकन आदळली आणि दुपारची शांतता मोडली. बाळंतपणानंतरचं पहिलंच काम, आणि शिंपिणीनं नर्सबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या होत्या! कापड उरलं नव्हतं, बाईंचा निरोपसमारंभ उद्यावर आलेला. त्या दारात येताच तिला रडू फुटलं. "माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं!" नर्सबाई बाह्या पाहून खळखळून हसल्या. "अगं, तान्हं बाळ घरात असताना कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? कोटाचं जाकीट कर. चाळीस वर्षं बाह्या सरसावूनच राबले, आता बाह्याच नकोत!" पाठीवर हात फिरवून त्या गेल्या, तिनं मनोमन हात जोडले. संध्याकाळपर्यंत देखणं जाकीट तयार झालं, तरी ती स्वतःलाच बोल लावत उपाशी बसली होती. थोरल्या लेकीनं ताट पुढ्यात सरकवलं. "आई, नर्सआजी तर रागावल्याच नाहीत. मग तू का जेवत नाहीस?"