बेटावरचा ठिपका

वणव्यांचा धूर न्यूयॉर्कला पोचला तेव्हा कुठे त्याची बातमी झाली. त्याआधी कितीतरी दिवस तो कॅनडात, सस्कॅचवान प्रांताच्या उत्तरेकडच्या जंगलातच घुटमळत होता. पण तिथे श्वास घेणारी माणसं थोडी, आणि त्यांची मतं त्याहून थोडी.

तिथल्याच सास्काटून शहरात, वणवे विझवणाऱ्या खात्याच्या कार्यालयात, इव्हेट ड्युरोशे उपग्रहाच्या चित्रांवर धुराच्या कडा आखत होती. विरळ, मध्यम, दाट. सकाळपासून फोन थांबत नव्हते. एका वार्ताहराला संध्याकाळचा बेसबॉलचा सामना होईल का, ते हवं होतं. एका बाईंच्या मुलीचं लग्न बागेत होतं. धूर जरा बाजूने नेता येईल का, एवढंच त्यांचं म्हणणं. इव्हेट सगळ्यांशी गोड बोलत होती. त्या दाट पट्ट्याच्या बुडाशी, हेरन सरोवराच्या काठावर, तिचा बाप होता. त्याची चौकशी कोणी केली नाही.

अल्फोन्स ड्युरोशे जन्मभर सापळे लावून आणि मासे धरून जगलेला मेती, म्हणजे तिथल्या आदिवासी-फ्रेंच मिश्र वंशाचा, म्हातारा. गाव रिकामं करायला बस आली, तेव्हा तिच्यात कुत्र्यांना जागा नव्हती. मग तोही चढला नाही. इव्हेटने फोनवर परोपरीने विनवलं. धूर कुठे पोचलाय ते चित्रात बघून सांगितलं.

"धूर कुठे आहे ते तू मला सांगतेस, पोरी?" तो खोकत म्हणाला. "माझ्या नाकात आहे."

दुसऱ्या दिवशी फोनचा मनोरा जळाला.

हेलिकॉप्टर पाठवा म्हणून ती साहेबांकडे गेली. गार्थ साहेब भला माणूस. त्यांनी तिला बसवलं, कॉफी दिली आणि समजावलं, की हेलिकॉप्टरं आगींसाठी आहेत. आपल्या मर्जीने मागे राहिलेला माणूस नियमात बसत नाही. इव्हेट जागेवर परतली आणि कडा आखू लागली. राखाडी पट्ट्याखाली बाप होता की बापाची राख, वरून सगळं सारखंच दिसत होतं.

दुपारी नवं चित्र आलं. धुरातून माणसाच्या डोळ्याला काही दिसत नाही, पण उपग्रहाला आच दिसते. सरोवराच्या मधोमध, एका खडकाळ बेटावर, लाल ठिपका उमटला होता. त्या बेटावर तिच्या बापाची मासेमारीची खोपटी होती. दुसरं जळण्यासारखं काहीच नव्हतं. 

शेजारच्या बेटावर मात्र बड्या पाहुण्यांचं आलिशान विश्रामगृह होतं. पाहुणे कधीच सुखरूप निघून गेले होते, पण गालिचे मागे राहिले होते. या वेळी गार्थ साहेब स्वतः धावत आले. पाण्याची बादली लटकवून हेलिकॉप्टर लगेच उडालं.

संध्याकाळी वैमानिकाने रेडिओवरून कळवलं. खोपटी जळून खाक झाली होती. किनाऱ्याला लावलेल्या होडीत एक म्हातारा बसला होता, चेहरा काळाठिक्कर, भोवती कुत्री. सगळ्यांना घेऊन ते परत निघाले होते.

 इव्हेटने विचारलं, बेटावर आग लागली कशी?

"लागली कुठली, लावली," वैमानिक म्हणाला. "म्हणतो, माणसासाठी तुम्ही येत नाही, आगीसाठी येता."