तीन शिट्ट्या

क्षिप्राचं वरण या आठवड्यात तिसऱ्यांदा करपलं, कारण कुकरची शिट्टी भिंतींनी पुन्हा गिळून टाकली होती.

ही इमारत खास ऑटिस्टिक माणसांसाठी बांधलेली. जरा कर्कश आवाज झाला की भिंती तो जागच्या जागी शोषून घेत. घरातल्या माणसाची धडधड वाढली की दिवे आपोआप मंद होत आणि भिंती आणखी कडक पहारा देत.

इमारतीच्या वार्षिक तपासणीला आलेल्या इंजिनियर हळब्यांनी काळाठिक्कर कुकर पाहिला आणि क्षिप्राच्या भावाला विचारलं, "यांना आवाजाचा त्रास होतो ना?"

"मला विचारा. स्वयंपाक मी करते," क्षिप्रा म्हणाली. "मला अचानक येणाऱ्या आवाजाचा त्रास होतो. शिट्टी काही अचानक येत नाही. मी तिची वाट बघत असते. तीन झाल्या की गॅस बंद करायचा."

"त्यांना जरा शांत करा हो," हळबे भावालाच म्हणाले.

क्षिप्राच्या छातीत धडधडू लागलं. दिवे मंदावले.

"मी इथे उभी आहे!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. ओठ हलले, पण आवाज भिंतीत जिरला. तिनं कुकर ओट्यावर आदळला. तोही मुकाच आदळला.

हळब्यांची नजर टॅबलेटवरच होती.

"उत्तम चाललंय," ते समाधानानं म्हणाले. "तीन वर्षं झाली, या इमारतीतून तक्रारीचा एक आवाज आलेला नाही."