डाव्या गालावरचा व्रण

"बाबा, आईचा व्रण उजव्या गालावर कसा?"

हेस्टरनं चित्र खिडकीपाशी नेलं. जेबेझ थर्लो चष्मा पुसत उठला. बायकोला, लव्हिनियाला, पुरून पंधरा दिवस झाले होते, आणि लेक उद्या नवऱ्याबरोबर मेलबर्नच्या बोटीत बसणार होती, बहुधा कायमचीच. आईचं एक चित्र तेवढं द्या, एवढंच तिचं मागणं होतं. फोटो एकही नव्हता. घरात चित्रकार असताना फोटोवाल्याकडं कशाला जायचं, असं लव्हिनियाच म्हणायची.

"सवय गं," तो ओशाळून म्हणाला. तीस वर्षं तो साप्ताहिकासाठी राजकीय व्यंगचित्रं काढत होता, तीही लाकडी ठोकळ्यावर, उलटी. छापली की सुलटी व्हायची. मेला हात आजही उलटाच चालला. "आरशासमोर धर, बरोबर दिसेल."

तिनं चित्र आरशासमोर टेकवलं. व्रण डाव्या गालावर आला. हेस्टर मात्र आरशात निरखून बघत राहिली.

"बोल की!"

"ही आई नाही, बाबा. ही तुमची ब्रिटानिया आहे. नुसतं शिरस्त्राण काढून ठेवलंय."

दर आठवड्याला व्यंगचित्रासाठी त्याला ब्रिटानिया, म्हणजे इंग्लंडची देशमाता लागायची, कधी रशियाला दटावणारी, कधी एखाद्या मंत्र्याचा कान पिळणारी. मॉडेल परवडत नव्हती. मग लव्हिनियाच अंगाला चादर गुंडाळून, डोक्यावर तांब्याचं पातेलं पालथं घालून, पडद्याचा दांडा हातात धरून उभी राहायची. पातेलं नाकावर घसरलं की तिला हसू आवरायचं नाही. छापलेल्या चित्रात ते हसू कधीच नव्हतं, आणि व्रणही.

"अशी दात आवळून आई कधी बसली होती का? हसरी काढा ना."

जेबेझनं नवा कागद घेतला. पेन्सिल टेकवली आणि थांबला. हसताना तिचे ओठ कसे व्हायचे? काही केल्या आठवेना. आठवत होता तो फक्त स्वतःचाच खेकसणारा आवाज: "हसू नकोस. माझ्याकडं नको बघूस. तिकडं लांब, समुद्र आहे असं समज."

पेन्सिल तशीच राहिली.

"राहू द्या, बाबा," हेस्टर हळूच म्हणाली. "हेच नेते मी."

त्यानं आरशाकडं पाहिलं. लव्हिनिया त्याच्या डोक्यावरून, लांब समुद्राकडं बघत होती.