दादाचे बूट

शिकारीसाठी बूट घ्यायला कुरवंड्याच्या दगडूने लोणावळ्यातली सगळी दुकानं पालथी घातली होती. कातळावर घसरता कामा नयेत, चिखलात रुतता कामा नयेत, ओल्या गवतातून चाललं तरी आत पाणी शिरता कामा नये. तसे बूट मिळाल्यापासून तो त्यांना कुणाला हात लावू देत नसे. धाकटा भाऊ गेणू मात्र फाटक्या चपलांवर गुरांमागे रान तुडवायचा.

त्या दिवशी सकाळी दगडूने तेच बूट गेणूपुढे ठेवले.

"घाल. आजपासनं तुझं."

"आन् तुला, दादा?"

"माझं मी बघंन. पावसापाण्याचं रानात तुला जावं लागतं."

गेणूला नाड्या बांधता येईनात, तेव्हा दगडूने स्वतः खाली बसून त्या आवळल्या. वडील गेल्यापासून दादा इतक्या मायेनं कधी वागला नव्हता. गेणूचे डोळे भरून आले. बूट माखू नयेत म्हणून तो बांधाच्या कडेकडेनं चालत गेला.

दुपारी तो गुरं घेऊन परतला, तर दारात वनखात्याची माणसं उभी. डोंगरात कुणीतरी भेकर मारलं होतं आणि शेजारी चिखलात बुटांचे ठसे सापडले होते. साहेबांनी गेणूला पाय उचलायला लावला आणि बुटाचा तळ मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिला.

गेणूने दादाकडे पाहिलं. आता दादा बोलेल, याची त्याला खात्री होती.

दगडू बोलला. हात जोडून साहेबांना म्हणाला, "शिकारीचा नाद सोड म्हणून ह्याला लय येळा सांगितलं, सायेब. ऐकतच न्हाई."