मंद्रूपच्या थांब्यावरची भिंत

अपेक्षाच्या पत्राला शांतवन सरांनी दोन वर्षांत उत्तर धाडलं नव्हतं. मुलीनं त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, ते गेले नाहीत. नंतर तिचं एकच पत्र आलं: नाताळला घरी येऊ का? सरांनी उत्तरं पुष्कळ लिहिली. सगळी भवानी पेठेतल्या घरी, पुस्तकांच्या पानांत पडून होती.

चर्चच्या सभेतही ते पत्र त्यांच्या खिशात होतं. विषय लोकांना चर्चला बोलवायच्या जाहिरातीचा होता.

"सात रस्ता चौकात मोठा फ्लेक्स लावू," शरणम्मा म्हणाल्या. "क्लासवाले लावतात, आपणच का लाजायचं?"

"उगाच वाद नको," पाळकसाहेब म्हणाले. "आणि मागच्या सभेत सरच म्हणाले होते, श्रद्धा काय साबण आहे का? बोलवायचं तर एकेकाला बोलवावं."

सरांचे कान लाल झाले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की व्हायचेच.

"मत बदललंय माझं. पण फ्लेक्स नको. मंद्रूपच्या एसटी थांब्यावर भिंत रंगवू. मडिवाळप्पा पेंटर स्वतःच्या घराची देतो म्हणालाय."

"मंद्रूपला?" शरणम्मा हसल्या. "तितं आपलं एक घर न्हाय की, सर!"

सरांनी नुसताच कागद पुढे केला. पाळकसाहेबांनी मोठ्यानं वाचलं, "उशीर माझ्याकडून झाला. दार उघडं आहे. ये." मग चष्मा काढला. "देवाकडून उशीर कसा होईल, सर?"

"तेवढं असू द्या."

"राहू द्या की," शरणम्मा म्हणाल्या. "देव जरा माणसागत बोलला तर लई बरं वाटतंय."

डिसेंबर लागताच मडिवाळप्पानं भिंतीला पांढरा हात दिला.

"सर, अक्षर माझं काढतो. छापल्यागत येतंय. तुमचं लई तिरकं हाय."

"तिरकंच काढ. चौकोन आखून, कागदावर आहे तसं."

"मग जाहिरात वाटायची न्हाय बघा. आन् चर्चचा पत्ता कुटं लिहू?"

"पत्ता नको. यायचंय त्याला ठाऊक असतो."

मडिवाळप्पा मान हलवत शिडीवर चढला. दुपारी शेवटचं अक्षर वाळलं. सर थांब्याच्या बाकावर बसून येणारी प्रत्येक एसटी न्याहाळत राहिले. धूळ उडवत एक गाडी थांबली, निघून गेली. मग दुसरी.

त्यांनी खिशातलं पत्र उलगडलं. घड्यांवर शाई विरली होती, तरी शेवट त्यांना पाठ होता.

"पत्ता देत नाही, पप्पा. 'येऊ नकोस' असं सांगणारं, तुमच्या अक्षरातलं पाकीट घरी यायला नको. रोज मंद्रूपवरून एसटीनं शाळेत शिकवायला जाते. खिडकीजवळ बसते."